किब्ल्याचे गणित आणि विमानाची वाट

सोलापूरहून मुंबई रेल्वेने सुमारे ४५५ किलोमीटर भरते. आकाशातून सरळ मोजली तर ३६० च्या आसपास. रूळ दौंड-पुणे करीत, भोर घाट उतरत जातात. विमानाला ते बंधन नाही. पण मुंबईपुढे जेद्दापर्यंत समुद्र आणि वाळवंट. तिथे मैलाचे दगड नाहीत. मग अंतर कशावरून काढायचे?

हा प्रश्न विमानाच्या कितीतरी आधी मशिदीने विचारला होता. नमाजासाठी मक्केची दिशा हवी आणि ती गणिताने काढायची तर दोन्ही गावांचे अक्षांश व रेखांशांतील फरक हवा. ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून अक्षांश मिळे, अडचण रेखांशाची. अबू रैहान अल-बेरुनीने गझनीचा किब्ला ठरवण्यासाठी लिहिलेला 'तहदीद निहायात अल-अमाकिन' हा ग्रंथ १०२५ सालचा. त्यात त्याने काफिल्यांच्या वाटांची अंतरे घेतली, वाट वाकडी असते म्हणून त्यांतून काही भाग वजा केला आणि बगदादपासून गझनीपर्यंत एकेका शहराचा रेखांश जुळवत आला. ४५५ मधून ३६० काढण्याचेच हे काम. पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती झुकलेले दिसते, ते मोजून त्याने पृथ्वीची त्रिज्याही काढली. महमूद गझनवीच्या स्वाऱ्या आपल्याला शाळेत पाठ करायला लावतात. त्याच्याच दरबारातला हा माणूस इथे कोन मोजत होता, हे मात्र कुणी सांगत नाही.

या गणिताचे हत्यार इथलेच. आर्यभटाच्या परंपरेतली 'ज्या' किंवा 'जीवा' अरबीत 'जीब' झाली. स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द पुढे 'जैब' असा वाचला गेला. उर्दूत खिशाला आपण 'जेब' म्हणतो, तोच हा शब्द. त्याचा एक अर्थ कपड्याची घडी. लॅटिन भाषांतरकारांनी त्या अर्थाचा 'सायनस' शब्द घेतला आणि मुलांच्या पुस्तकात तो 'साइन' होऊन परत आला.

आता मुंबई-जेद्दा पाहू. अक्षांश १९.०९ आणि २१.६८, रेखांशांतील फरक ३३.७ अंश. दोन्ही अक्षांशांच्या ज्यांचा गुणाकार करायचा. दोन्ही कोज्यांचा गुणाकार रेखांश-फरकाच्या कोज्येने गुणायचा. मग दोहोंची बेरीज. ही बेरीज ज्या कोनाची कोज्या, तो कोन ३१.६ अंशांचा. अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले की साडेतीन हजार किलोमीटर येतात. याच सूत्रांच्या घराण्यातून सोलापूरचा किब्लाही निघतो: ठीक पश्चिमेला नव्हे, तिच्यापासून सुमारे १२ अंश उत्तरेकडे.

वेळेचा हिशेब इतका चोख नसतो. ताशी ८०० किलोमीटरने साडेचार तासही लागू नयेत. पण चढणे-उतरणे आणि पश्चिमेकडून येणारा वारा धरून सव्वापाच तास समजावेत. परतताना तोच वारा पाठीशी असतो. मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजे १९९५ साली बंद झाली. त्यांना आठवड्याहून अधिक काळ लागे. २०२५ साली सोलापुरातून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा वाटेचा हा पहिला तुकडाही सरळ झाला.

सौदीचे घड्याळ आपल्यामागे अडीच तास. मुंबईहून सकाळी १० ला उडालेले विमान तिथल्या पाऊणच्या सुमारास टेकते. जोहरचा वक्त तेव्हा नुकताच लागलेला असतो.