टोकायच्या ‘ऑसू’ मद्याचा उगम : एक दंतकथा व दोन आधार

हंगेरी देशाच्या ईशान्येस झेंप्लेन डोंगराच्या दक्षिण उतरणीवर हेज्याल्या नांवाचा द्राक्षमळ्यांचा प्रांत आहे. ह्या नांवाचा अर्थच मुळीं ‘डोंगरपायथा’ असा आहे. बोद्रोग नदी तिसा नदीस जेथें मिळते त्या संगमावर टोकाय हें गांव असून, त्याच्याच नांवानें येथील मद्य युरोपभर प्रसिद्ध आहे. त्यांतलें उत्तम व गोड तें ‘ऑसू’. हें मद्य प्रथम कोणीं व केव्हां काढिलें ह्याविषयीं जी कथा सर्वत्र सांगतात ती अस्सल पुराव्यावर घांसून पाहावी, एवढाच ह्या टिपणाचा हेतु आहे.

कथा अशी. सेप्शी लात्स्को माते नांवाचा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक राकोत्सी घराण्याच्या पदरीं होता. एके वर्षीं शत्रूच्या स्वारीच्या भयानें ओरेमुस नांवाच्या मळ्याची तोडणी नोव्हेंबरपर्यंत लांबली. तोंवर मणी वेलावरच सुकले व त्यांवर बुरशी चढली. ते टाकून न देतां लात्स्कोनें त्यांचें मद्य केलें आणि ईस्टरच्या सणास तें आपली धनीण लोरांत्फी झुझान्ना हिला नजर केलें. ही बाई ट्रान्सिल्व्हेनियाचा राजा पहिला जॉर्ज राकोत्सी ह्याची राणी. शारोश्पतकचा किल्ला तिच्याच माहेरचा.

कथा गोड आहे, परंतु तिचें साल एक नाहीं. कोणी १६३० म्हणतात, कोणी १६३१, कोणी थेट १६५०. लात्स्को १६३३ सालीं वारला. तेव्हां १६५० साल धरणारांनीं मेलेल्या माणसाकडून द्राक्षें तोडविलीं, असेंच म्हणणें प्राप्त होतें! लात्स्को स्वतः बखरकार होता. त्याच्या नांवावर असा कालविपर्यास रचला जावा हा दैवदुर्विलासच होय.

आतां पुराव्याकडे वळूं. शारोश्पतक येथील विद्यालयाचा मुख्य अध्यापक सिक्साई फाब्रिसियुस बालाझ ह्यानें लॅटिन व हंगेरियन शब्दांचा एक कोश रचिला. आपल्याकडील राजव्यवहारकोशाप्रमाणें हाही अकारविल्हे नसून विषयवार वर्ग पाडून केलेला आहे. त्यांत ‘मनुकांचें मद्य’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापुढें हंगेरियन प्रतिशब्द दिला आहे तो ‘ऑसू द्राक्षांचें मद्य’ असा. कोश देब्रेत्सेन येथें १५९० सालीं छापला गेला; परंतु कर्ता १५७६ सालींच निवर्तला होता. सबब हा शब्द लात्स्कोच्या कथेपूर्वीं निदान ५४ वर्षें प्रचारांत होता हें निर्विवाद ठरतें. छापील ग्रंथाचें साल व कर्त्याच्या मृत्यूचें साल हीं दोन्हीं पाहिल्यावांचून कोशाचा पुरावा घेऊं नये, हें येथें सहज लक्षांत येईल.

दुसरा आधार ह्याहून जुना. इश्तवान झेलेनाक ह्या तेथील इतिहासशोधकानें उजेडांत आणलेल्या १५७१ सालच्या एका कागदांत ‘ऑसू द्राक्षांचें मद्य’ असा स्पष्ट उल्लेख आहे. हा व्यवहाराचा कागद, कथा सांगण्यासाठीं लिहिलेला नव्हे. म्हणूनच त्याची साक्ष आम्ही अधिक मोलाची मानतों.

येवढ्यावर कित्येक लेखक लात्स्कोला सरळ निकालांत काढतात. आम्हांस ही घाई वाटते. शब्द जुना म्हणून कृति जुनी, असा न्याय नाहीं. ‘ऑसू’ म्हणजे सुकलेलें. मनुकांसारख्या सुकल्या द्राक्षांचें मद्य ग्रीक व रोमन लोकही करीत. हेज्याल्याची खरी कृति निराळी आहे. शरद ऋतूंत सकाळीं नद्यांवरून धुकें चढतें, दुपारीं ऊन पडतें. धुक्यानें मण्यांवर बुरशी धरते व उन्हानें मण्यांतील पाणी आटतें. असे मणी घडांतून एकेक वेंचून वेगळे ठेवितात, त्यांचा लगदा करितात व त्यावर ताजा रस किंवा तयार मद्य ओतून तें मुरवितात. फुरमिंट व हार्शलेवेल्यू ह्या येथील मुख्य जाती. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. वेंचलेल्या मण्यांचें माप म्हणजे पाठीवर वाहावयाचें ‘पुत्तोन्य’ नांवाचें लाकडी भांडें, त्यांत सुमारें २५ किलो मणी मावतात. आणि मद्याचें माप म्हणजे गोंत्स गांवच्या घडणीचें १३६ लिटरांचें पिंप. एका पिंपास किती पुत्तोन्य मणी घातले, त्या आंकड्यावरून मद्याची प्रत ठरे. (२०१३ च्या नियमांनीं तीन व चार पुत्तोन्यांच्या प्रती बंद झाल्या.)

मणी निराळे वेंचण्याबद्दलचा कायदा १६५५ सालचा आहे. म्हणजे १५७१ सालीं शब्द सांपडतो व १६५५ सालीं कृति नियमबद्ध झालेली दिसते. ह्या ८४ वर्षांच्या अवधींतच लात्स्कोचें प्रौढ वय जातें. त्यानें मद्य शोधिलें नाहीं हें उघड आहे. त्यानें कृति सुधारली नसेलच, असें मात्र ह्या दोन आधारांवरून म्हणतां येत नाहीं.

हा प्रांत ह्याच सुमारास वर कां आला, ह्याचें कारण राजकीय आहे. मध्ययुगांत हंगेरीचें नांवाजलेलें मद्य दक्षिणेकडील सेरेम प्रांताचें. १५२६ च्या मोहाचच्या लढाईच्या सुमारास तो प्रांत तुर्कांच्या हातीं गेला व पोलंडचे व्यापारी उत्तरेकडील हेज्याल्याकडे वळले. पुढें रशियाच्या दरबारानेंही मद्यखरेदीसाठीं टोकाय येथें आपली माणसें ठेविलीं, तीं १७३३ पासून १७९८ पर्यंत होतीं. १७३७ सालीं राजाज्ञेनें प्रांताची हद्द बांधिली गेली. जगांतील ही पहिलीच अशी हद्द, असें स्थानिक अभिमानानें म्हणतात; परंतु इटलींतील किआंतीची हद्द १७१६ सालींच ठरली होती. १९२० च्या तहानें ह्या प्रांताचा एक लहान तुकडा चेकोस्लोव्हाकियास गेला, तो आतां स्लोव्हाकियांत आहे.

असाच प्रकार एगेर येथील ‘बैलाचें रक्त’ ह्या तांबड्या मद्याचा. १५५२ च्या वेढ्यांत किल्ल्यांतील शिपाई तें प्याले, असें सांगतात. पण हें नांव एकोणिसाव्या शतकापूर्वीं आढळत नाहीं, आणि वेढ्याच्या काळीं तेथें पांढऱ्या मद्याचाच प्रघात होता.

लात्स्कोचा वाद मिटवावयाचा तर कथांच्या आवृत्त्या ताडून उपयोग नाहीं. जुन्या जमीनदारांच्या मळ्यांचे जमाखर्च पाहिले पाहिजेत. तोडणीच्या मजुरीहून मणी वेंचण्याची मजुरी वेगळी मांडलेली पहिली नोंद ज्या सालची निघेल, तेंच साल ह्या कृतीचें धरावें.