मूत्रपिंडाआडचे हृदय

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटण्याचा आजार. तो बहुतेक करून विशी ते चाळिशीतल्या बायकांना होतो आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या मूत्रपिंडांना सूज आणतो. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, पाय सुजतात, रक्तदाब चढतो. अशा बाईला हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका तिच्या वयाच्या इतर बायकांपेक्षा कितीतरी अधिक असतो, हे वैद्यकाला नीट कळायला विसाव्या शतकाचा शेवटचा चतुर्थांश उजाडला. हा उशीर केवळ दुर्लक्षाचा नव्हता. त्याआधी बहुतेक रुग्ण रक्तवाहिन्या खराब होण्याइतकी वर्षे जगतच नव्हते.

चेहऱ्यावरच्या चट्ट्यांमुळे ल्युपस प्रथम त्वचारोगांत मोडला. पॅरिसच्या काझनाव्ह यांनी १८५१ मध्ये त्याचे वर्णन केले. व्हिएन्नाच्या कापोसी यांनी १८७२ मध्ये हा आजार कातडीपुरता राहत नाही, ताप आणि सांधेदुखीसह तो जिवावरही बेततो, हे दाखवले. शतक सरताना विल्यम ऑस्लर यांनी पोटातल्या अवयवांवरचे त्याचे परिणाम मांडले. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात लिबमन आणि सॅक्स यांना १९२४ मध्ये हृदयाच्या झडपांवर जंतूंशिवाय उगवलेल्या गाठी दिसल्या आणि १९३५ मध्ये त्याच रुग्णालयातल्या मंडळींनी मूत्रपिंडातल्या सूक्ष्म बदलांचे वर्णन केले. हृदय आणि मूत्रपिंड असे दोन्ही अवयव शवविच्छेदनाच्या टेबलावर येऊन गेले होते. हृदयाच्या बाबतीत मात्र नजर झडपांवर आणि आवरणावर खिळली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांकडे ती वळली नाही.

मूत्रपिंड आणि हृदय यांचे नाते त्याहून जुने आहे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांच्या हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला आढळतो, असे नोंदवून ठेवले होते. ही नोंद ल्युपसच्या अभ्यासकांच्या उपयोगी पडायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज आणि सहकाऱ्यांनी ल्युपसच्या रुग्णांतली विशिष्ट ‘एलई पेशी’ प्रसिद्ध केली आणि निदानाला प्रथमच प्रयोगशाळेचा आधार मिळाला. पुढच्याच वर्षी मेयोमधूनच कॉर्टिसोन या स्टेरॉइडचा शोध गाजला. १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रुन यांनी सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची पद्धत मांडली आणि १९५७ पर्यंत शिकागोत ल्युपसच्या रुग्णांच्या बायोप्सींचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५५ च्या एका अमेरिकी पाहणीत निदानानंतर चार वर्षे जगणारे रुग्ण जेमतेम निम्मे होते. स्टेरॉइड, मग प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोफॉस्फमाइड, मग डायलिसिस आणि प्रत्यारोपण अशी एकेक पायरी चढत हे चित्र पालटले.

पालटल्यावर जे दिसले ते कोणी अपेक्षिले नव्हते. १९७४ मध्ये सिअॅटलच्या डॉक्टरांनी दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांच्या धमन्या अकाली कठीण होतात, असे दाखवले. १९७५ मध्ये बल्कली आणि रॉबर्ट्स यांनी ल्युपसच्या ३६ मृत रुग्णांची हृदये तपासली आणि स्टेरॉइडच्या वापरानंतर हृदयातल्या आजाराचे स्वरूपच बदलल्याचे नोंदवले. जुन्या झडपांच्या गाठी मागे पडून चरबीने अरुंद झालेल्या धमन्या पुढे आल्या होत्या. १९७६ मध्ये टोरोंटोच्या मरे युरोविट्झ यांचा लेख आला. पाच वर्षे पाहिलेल्या ८१ रुग्णांपैकी ११ दगावले. सहा जण निदानानंतरच्या पहिल्या वर्षात गेले. त्यांचा ल्युपस भडकलेला होता. उरलेले पाच सरासरी साडेआठ वर्षांनंतर गेले आणि त्या पाचांनाही मृत्यूच्या सुमारास हृदयविकाराचा झटका आलेला होता. आकडे तुटपुंजे आहेत, तरी या विषयात एवढा परिणाम करणारा दुसरा लेख सांगता येणार नाही. दोन टप्प्यांत येणाऱ्या मृत्यूंची कल्पना त्याने रूढ केली. धक्का मात्र १९९७ मध्ये पिट्सबर्गच्या सुझन मँझी यांच्या अभ्यासाने दिला: ३५ ते ४४ वर्षे वयाच्या ल्युपसग्रस्त बायकांत झटक्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांच्या पन्नास पटींहून जास्त निघाले. या वयात बाईच्या छातीत दुखले, तर घरचे आणि पुष्कळदा डॉक्टरही ‘गॅस’ किंवा ‘ॲसिडिटी’ म्हणून मोकळे होतात, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचे गांभीर्य कळते.

मूत्रपिंडाला सूज असलेल्या रुग्णांत धोका आणखी का वाढतो, याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. गाळण्या खराब झाल्या की शरीरात मीठपाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. लघवीतून प्रथिने फार जाऊ लागली की यकृत त्यांची भरपाई करताना चरबीवाहक प्रथिनेही जास्त बनवते आणि कोलेस्टेरॉल चढते. मूत्रपिंडाची क्षमता फारच घटली की फॉस्फेट साठून धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम बसते. यात ल्युपसची स्वतःची दाहप्रक्रिया धमन्यांचे आतले अस्तर पोखरत असते. काही रुग्णांच्या रक्तात फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे असतात, त्यांनी गुठळ्या होतात. मूत्रपिंड वाचवण्यासाठी महिनोन्महिने दिलेले स्टेरॉइड वजन, साखर आणि रक्तदाब तिन्ही वाढवते. औषध बंद केले तर मूत्रपिंड जाते, चालू ठेवले तर हृदयावर बोजा पडतो. डॉक्टरची कसरत याच दोहोंमध्ये चालते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम पाहणीच्या धर्तीवर वय, धूम्रपान, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब मोजून काढलेला अंदाज या रुग्णांत कमी पडतो, हे २००१ मध्ये कॅनडातल्या अभ्यासाने सिद्ध केले. हृदयविकाराचा धोका मोजणाऱ्या ब्रिटनच्या क्यूरिस्क-३ या गणकात ल्युपस, स्टेरॉइड आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार ही तिन्ही कलमे एकत्र आली ती थेट २०१७ मध्ये.

उपायांचा इतिहास सरळ नाही. कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्यांनी प्रश्न सुटेल असे वाटत होते. परंतु २०११ आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनुक्रमे प्रौढ आणि लहान ल्युपस-रुग्णांवरच्या चाचण्यांत धमन्यांमधला बिघाड रोखण्यात त्या ठळक उपयोगी पडल्या नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मलेरियावरची जुनी आणि स्वस्त गोळी मात्र टिकून राहिली. मलेरियाविरोधी औषधे ल्युपसमध्ये गुण देतात, हे लंडनमध्ये १९५१ मध्ये ठळकपणे मांडले गेले. ही गोळी आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण कमी करते, म्हणून आता बहुतेक सर्व रुग्णांना दिली जाते. स्टेरॉइडचा रोजचा डोस जमेल तितका, शक्यतो पाच मिलिग्रॅमपर्यंत, उतरवावा असा २०२३ चा युरोपीय सल्ला आहे. मूत्रपिंड आणि हृदय दोघांनाही तारणाऱ्या मधुमेहाच्या नव्या औषधांपैकी डॅपाग्लिफ्लोझिनच्या २०२० च्या मोठ्या चाचणीतून ल्युपसने मूत्रपिंडाला सूज आलेले रुग्ण मुळातच वगळलेले होते.

महाराष्ट्रात या प्रवासाचे टप्पे मुंबईत सुरू झाले. परळच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये देशातले पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले, तिथेच डॉ. विद्या आचार्य यांनी मूत्रपिंडविकारांचा विभाग सांभाळला. केईएमच्याच आवारातल्या प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत ल्युपसच्या प्रतिपिंडांवर संशोधन झाले. देशातल्या प्रमाणाचा जुना आकडा दिल्लीजवळच्या ग्रामीण पाहणीचा: १९९३ मध्ये दर लाखात सुमारे तीन रुग्ण. मराठवाड्यात १९५६ मध्ये औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे रुग्णालय ‘घाटी’ या नावानेच ओळखले जाते आणि आजही आजूबाजूच्या जिल्ह्यांतला गरीब रुग्ण तिथेच येतो.

अशा आजाराचा खर्च कोण उचलतो, ते पाहायला औरंगाबाद शहराच्या पूर्वेला जावे. तिथे जालना रस्त्यावर असलेले शेंद्रा एके काळी शेतीचे आणि मांगीरबाबाच्या यात्रेचे गाव होते. पुढे तिथे औद्योगिक वसाहत आली, २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला, आणि मग दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातले ऑरिक शहरही आले. शेतीवर राबणारी कुटुंबे पगारावर आली, तसा कामगारांच्या राज्य विम्याचा १९४८ चा कायदा इथल्या घरांत शिरला. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार आणि त्याचे कुटुंब त्यात मोडू लागले. विम्याबाहेरच्यांसाठी २०१२ मध्ये निवडक जिल्ह्यांत आणि २०१३ पासून राज्यभर जीवनदायी योजना आली, तिचे नाव पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजना झाले. डायलिसिसचा खर्च तीत येतो.

कामगार विम्यात दीर्घ आजारपणासाठी ३४ आजारांची यादी आहे. यादीतला आजार झाल्यास पगाराच्या ८० टक्के भत्ता कमाल दोन वर्षे मिळू शकतो. मूत्रपिंड निकामी होणे त्या यादीत एका शीर्षकाखाली येते, हृदयविकाराचा झटका दुसऱ्या. आणि झटक्याच्या बाबतीत हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता ४५ टक्क्यांखाली गेलेली असावी, अशी अट आहे.