'किती दिवस?' या प्रश्नाचा इतिहास

1998 सालची गोष्ट. निपाणी भागातील एका शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. आमच्या शिपाईमामांच्या गालात आतून गाठ आली. चुना-तंबाखूचा बार दिवसातून दहा वेळा भरणारा माणूस. दवाखान्यातले डॉक्टर कन्नड बोलत, मामींना मराठीखेरीज दुसरी भाषा नाही. मधे दुभाषी मी. मामींनी विचारले, "सर, यांचे किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "हेळाक आगंगिल्ल." 'सांगता येत नाही' एवढेच त्याचे मराठी, पण ते मामींना सांगताना माझी जीभ अडखळली. सात महिन्यांत मामा गेले.

मी इतिहासाचा विद्यार्थी. त्या उत्तराचा इतिहास पुढे मी शोधत राहिलो.

तंबाखू-सुपारी आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते आपल्या देशात फार पूर्वीच ध्यानात आले होते. 1933 साली डॉ. ऑर यांनी त्रावणकोरातील विडा खाणाऱ्यांविषयी लिहिले. 1941 साली मुंबईत टाटा रुग्णालय उघडले, तेथे डॉ. वसंत खानोलकरांनी या रोगाच्या भारतीय रूपाचा अभ्यास केला. रोग्याचे पुढे काय होईल, हे मात्र गाठीचा आकार आणि गळ्यातल्या गाठी पाहूनच ठरे. फ्रान्समधील पिएर दन्वा यांनी 1943 ते 1952 या काळात बसवलेली ही पायऱ्यांची पद्धत आजही आधाराला आहे. पण एकाच पायरीवरच्या दोघांपैकी एक वाचतो, दुसरा जातो. असे का?

उत्तराचा एक धागा 1979 साली हाती आला. लंडनमध्ये लेन व क्रॉफर्ड, प्रिन्स्टनला लेव्हिन, अशा निरनिराळ्या संशोधकांना पी-53 नावाचे प्रथिन सापडले. दहा वर्षे शास्त्रज्ञ त्याला गुन्हेगारच समजत होते, कारण प्रयोगशाळेत त्यांच्या हाती आलेल्या जनुकाच्या प्रती मुळातच बिघडलेल्या होत्या! 1989 साली उलगडा झाला. हा तर राखणदार. पेशीतील जनुकांना इजा झाली की तो पेशीचे विभाजन थांबवतो, दुरुस्तीला वेळ देतो, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरायला लावतो. त्याच्या जनुकात बदल, म्हणजेच उत्परिवर्तन, झाले की राखण उठते.

2007 साली अमेरिकेत डोके व मानेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या 420 रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 224 जणांच्या गाठीत हे जनुक बिघडलेले होते. बिघाड प्रथिनाचे कामच मोडणारा असेल, तर आयुष्य कमी असल्याचे दिसले. 2013 साली भारतीय शास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या हिरडी-गालाच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा मांडला. त्यात पी-53 चे जनुक होतेच. शिवाय कॅस्प-8, फॅट-1, नॉच-1 ही नावे होती आणि काही नवीही.

वाचकहो, म्हणून ही जन्मपत्रिका समजू नका. शेकडो रोग्यांचा कल या खुणांतून कळतो. एका माणसाचे दिवस त्यातून मोजता येत नाहीत. तोंडाच्या कर्करोगात डॉक्टर आजही मुख्यतः गाठीचा आकार, खोली आणि गळ्यातल्या गाठी यांवरूनच उपचार ठरवतात. मामींच्या प्रश्नाला आजचा डॉक्टर कदाचित चार वाक्ये अधिक बोलेल, पण तारीख देणार नाही.

शिवाय या खुणा वाचायच्या त्या गाठ झाल्यानंतर. ज्या निपाणी भागात तंबाखूवर पिढ्या पोसल्या, तेथे त्याआधीचे काम आपले आहे. दरवर्षी जूनमध्ये मी शिक्षक, शिपाई सर्वांना आरशासमोर तोंड उघडायला लावतो. गालात पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? पंधरा दिवसांत न भरलेली जखम? तोंडात तीन बोटे उभी मावतात का? पहिल्या वर्षी सगळे हसले. दुसऱ्या वर्षी एका सहकाऱ्याची बोटे दोनच मावली. त्याने सुपारी सोडली, आता तो नेमाने तपासणीला जातो, आणि जूनमध्ये आरसा तोच घेऊन येतो.