पाचवी तार

लिओ फेंडर या गृहस्थांबद्दल मला जो आदर आहे, त्याचा संगीताशी संबंध नाही. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमजवळच्या एका संत्र्यांच्या बागेत 1909 साली जन्मलेला हा माणूस शिकला काय, तर हिशेबनिशी! सरकारच्या रस्ते खात्यात जमाखर्च लिहिला. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा 1938 साली फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. आणि या हिशेबनिसाने पुढे अख्ख्या जगाच्या हातात विजेवरची बेस गिटार दिली. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. लोकांना याचे नवल वाटते; मला वाटत नाही. नोटा मोजणे वेगळे आणि खर्च करणे वेगळे, हे बावीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

तत्पूर्वी खर्जाचे काम डबल बेस नावाचा धिप्पाड प्राणी करी. सहा फूट उंच, उभ्याने वाजवायचा, आणि कार्यक्रमाला न्यायचा म्हणजे वऱ्हाड न्यायचे. एवढे करून ढोल आणि ट्रंपेटच्या गदारोळात तो ऐकू येत नसे. शिवाय त्याला पडदे नसतात, त्यामुळे सूर अंदाजाने शोधायचा. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी 1930च्या दशकातच विजेवरचा, आडवा धरायचा, पडद्यांचा बेस करून पाहिला होता. तो चालला नाही. फेंडरचा 1951चा बेस मात्र चालला. चार तारा, चौतीस इंचांची तारेची लांबी, जागच्या जागी बसवलेले पडदे, आणि नाव काय, तर ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूक! ताळेबंद पैशापैशाला जुळल्यावर जो आनंद होतो, तो त्या नावात मला स्पष्ट ऐकू येतो.

पण हे वाद्य ज्यांच्या हाती गेले, त्यांनी ते निवडले कसे? तर बहुतेकांनी निवडलेच नाही. लायोनेल हॅम्प्टन यांच्या बँडमध्ये मंक मॉन्टगमरी दाखल झाले, तेव्हा तिथे हा विजेवरचा बेसच वाजवायचा होता. कॅरल के या बाई मुळात गिटारवादक. 1963 साली एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला उगवलाच नाही, म्हणून त्यांनी तिथला बेस उचलला आणि पुढे जन्मभर तोच गाजवला. आणि बीटल्सचे पॉल मॅकार्टनी? ते डावखुरे. 1961 साली हॅम्बुर्गला त्यांनी व्हायोलिनच्या आकाराचा होफनर बेस घेतला. कारण दोन: एक तर तो स्वस्त होता, आणि दुसरे, दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्याच्या गळ्यातही तो उलटा दिसत नव्हता. आमच्याकडे साडी घेताना याहून जास्त निकष लावतात.

एवढा इतिहास मी का गोळा केला, ते आता सांगतो. माझा भाचा बेस वाजवतो. दिवसा नोकरी आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रा. अलीकडे त्यांच्या मुख्य गायकाची पट्टी उतरत चालली आहे. (मानधन नाही.) पांढरी तीनचे गाणे काळी दोनवर येते, पुढच्या वर्षी पांढरी दोनवर. आणि चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर नेमका पांढरी तीन! गायक तळघरात उतरला आणि बेस तळमजल्यावरच उभा, अशी अवस्था. म्हणून पाच तारांचा बेस हवा. भाचेबुवांनी जुना बेस विकला, दोन वर्षांची शिल्लक त्यात घातली, आणि पन्नास हजारांच्या आतबाहेरचे दोन बेस मनात धरले. दोन्ही आमच्या गावात कुठल्याच दुकानात नाहीत. मागवायचे म्हणजे डोळे मिटून मागवायचे. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम ठरलेला, आणि हातात वाद्य नाही.

“मामा, तू कर्ज देताना कागदांवरूनच माणूस ओळखतोस ना?”

“कागदांवरून कागद ओळखतो,” मी म्हटलं. “माणूस हप्ता थकल्यावर कळतो.”

तरीही दोन कोटेशने शेजारी-शेजारी ठेवून तक्ता मांडणे ही कॉमर्सच्या पदवीधराची जित्याची खोड. मी कामाला लागलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की पाचवी तार आधी चुकीच्या बाजूला लागली होती. 1965च्या जानेवारीत फेंडरसाहेबांची कंपनी सीबीएसने एक कोटी तीस लाख डॉलरला घेतली, आणि त्याच वर्षी पाच तारांचा ‘बेस फाइव्ह’ बाजारात आला. पण ती जादा तार खर्जाची नव्हती, वरच्या सुराची होती! आणि पडदे मोजून पंधरा. तळघर हवे असलेल्या भाडेकरूला गच्ची दिल्यासारखे झाले. काही वर्षांत तो प्रकार गुंडाळला गेला. वास्तविक जर्मन वाद्यवृंदांमधल्या डबल बेसना पाचवी, खालची तार एकोणिसाव्या शतकापासून होती. 1975 साली अँथनी जॅक्सन यांनी कार्ल थॉम्प्सन या कारागिराकडून सहा तारांचा बेस करून घेतला. पुढच्याच वर्षी जिमी जॉन्सन यांच्या अलेम्बिक बेसला पाचवी तार खर्जाची लागली. खरी निकड आली 1980च्या दशकात. सिंथेसायझर नावाचे यंत्र बटणासरशी पाताळात उतरू लागले, आणि बेसवाल्यांच्या पोटावर पाय आला. मग 1987 साली म्युझिक मॅनचा पाच तारांचा ‘स्टिंगरे’ निघाला, आणि पाचवी तार रुळली. ही म्युझिक मॅन कंपनी उभी करण्यातही आमचे हिशेबनीस होते बरे का, पण तोवर ती दुसऱ्यांच्या मालकीची झाली होती.

आता भाच्याचा तक्ता. एका बेसच्या तारेची लांबी फेंडरच्या मापाची, चौतीस इंच. दुसऱ्याची पस्तीस. “एका इंचाने काय होतं रे?” असे मी विचारले, आणि उत्तर मला मिरजेच्या तंबोऱ्यात सापडले. पुरुषांचा तंबोरा बायकांच्या तंबोऱ्यापेक्षा मोठा का? तर पट्टी खालची, म्हणून तार लांब. तार आखूड ठेवून सूर खाली न्यायचा, तर ती जाड तरी करावी लागते नाहीतर सैल तरी. फार जाड झाली की आवाज बोथट, आणि फार सैल झाली की कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी फडफडते. चौथ्या तारेची कंपने सेकंदाला 41, पाचवीची 31. या दहांच्या उतारासाठी तो एक इंच असतो.

पण तो इंच फुकट मिळत नाही. मान लांबते, बोटे लांब टाकावी लागतात, आणि त्या बेसचे वजन चार किलो सातशे, तर आखूडाचे चार किलो. शिवाय लांबड्याच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी. ती कार्यक्रमात संपली की तो मुका. आखूडाला बॅटरी नाही, पण आवाज घडवायची सोयही तेवढी नाही. भाच्याने मोबाइलवर दोन्हींचे वादन ऐकवले. मोबाइलचा तो नखाएवढा स्पीकर 31 कंपनांचा सूर काढूच शकत नाही. आपण ऐकतो ते त्याचे वरचे पडसाद. म्हणजे ज्या सुरासाठी पन्नास हजार घालायचे, तो सोडून बाकी सगळे ऐकायला मिळाले.

मग जे मोजता येते ते मोजायचे ठरवले. भिंतीवरच्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून दोन माना केल्या. तारांमधले अंतर एकात सतरा मिलिमीटर, एकात एकोणीस. त्याप्रमाणे रेघा मारल्या. भाचेबुवा त्या पुठ्ठ्यावर डोळे मिटून तासभर बोटे नाचवत बसले. बहिणीने दारातून पाहिले आणि काही न बोलता चहा ठेवायला गेली. दुसऱ्या दिवशी चार किलो सातशे ग्रॅम गहू पिशवीत भरून ती त्याच्या खांद्याला पट्ट्याने अडकवली आणि दिवाळी पहाटेच्या तीन तासांचा हिशेब लावला. दोन तासांनी त्याने खांदा बदलला, पण पिशवी उतरवली नाही. “लांबवालाच,” तो म्हणाला. “खालचा सूर ढिला निघाला तर घेऊन काय उपयोग?”

त्याच रात्री पैसे भरले. वाद्य निघाल्याचा निरोप परवा आला. नऊ व्होल्टची बॅटरी मात्र मी स्वतः दुकानात गेलो, मीटर लावायला लावला, काटा हलताना पाहिला, आणि मगच घेतली.