पुडी घरात आली कशी?

मागच्या बैठकीत आपल्या गटातल्या एका ताईने सांगितलं, "पोरगं दहावीला आहे. भाजी जरा तिखट झाली की तोंडाची आग होते म्हणतं. आता तर तोंडच पुरतं उघडत नाही." आम्हाला वाटलं, तोंड आलं असेल. दवाखान्यात कळलं, दोन वर्षं खर्रा खातोय. घरात कोणालाच पत्ता नव्हता. तेव्हा आम्ही ठरवलं, ही पुडी आपल्या घरात आली कशी, हेच आज सांगायचं.

तंबाखू आपल्या मातीतली नाही. पोर्तुगीजांनी ती जहाजातून आणली. सुमारे १६०४ साली अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरला आला होता. त्याला ती तिथे मिळाली आणि त्याने ती दरबारात नेली. पुढे १६१७ मध्ये जहांगीर बादशहाने तंबाखूला मनाई केली. म्हणजे बंदी काही आजची नाही, चारशे वर्षांपूर्वीची आहे. पण हुकूम हुकुमाच्या जागी राहिला आणि तंबाखू शेतात पिकू लागली.

शेतातून ती चुलीपाशी आली. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, की झाली मिश्री. दात घासायला म्हणून सुरू झाली, आणि तिच्यावाचून सकाळ सरेना. खरं बोलायचं तर आपल्यातल्या कितीजणींच्या कनवटीला आजही मिश्रीची डबी आहे. दुकानातून ती आणायला आपण पोरालाच पिटाळतो. पोर बघतं आणि शिकतं.

तरी तेव्हा तंबाखू मोठ्यांच्या चंचीत होती. १९८० नंतर गुटख्याच्या छोट्या पुड्या गावोगाव पोचल्या. सुपारी, तंबाखू, चुना, वर गोड वास. किंमत खाऊच्या पैशात बसणारी, आणि पुडी दप्तरात सहज लपणारी. सुपारी सतत चघळली की गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं. तोंड कमी कमी उघडतं आणि पुढे कर्करोगाची भीती असते. नुसत्या सुपारीनेही हे होतं, म्हणून 'तंबाखू नाही, साधीच आहे' या बोलण्यावर जाऊ नका.

महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात ती बंदी टिकली नाही. अन्नात तंबाखू मिसळू नये, असा नियम २०११ मध्ये झाला. त्याच्या आधारे २०१२ मध्ये आपल्या राज्यात पुन्हा बंदी आली. मग काय झालं? एका पुडीच्या दोन झाल्या. मसाला वेगळा, तंबाखू वेगळी, आणि तळहातावर दोन्ही एक. विदर्भात तर खर्रा पानठेल्यावरच घोटून मिळतो.

मग कायदा फुकट गेला का? नाही. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण शाळेजवळचा ठेला तालुक्याच्या साहेबाला दिसत नाही, आपल्याला रोज दिसतो. गडचिरोलीच्या बायांनी गावोगाव सभा घेऊन दारूविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा कुठे १९९३ मध्ये त्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी झाली.

आमच्या गटाने तीन गोष्टी धरल्या आहेत. पोराला पुडी आणायला पाठवायचं नाही. महिन्यातून एकदा त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगायची. जात नसतील तर ओरडायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. आणि ठेल्याचा विषय ग्रामसभेत मांडायचा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा फुकट नंबर आहे.

त्या ताईच्या पोराने खर्रा सोडलाय. गाल पहिल्यासारखे मऊ होणार नाहीत, पण दुखणं वाढू नये म्हणून धडपड चालू आहे. आणि ताईने? तिने मिश्रीची डबी चुलीत टाकली. पोरगं म्हणालं होतं, "आई, आधी तू सोड."