रिपोर्ट 'नॉर्मल' आला, पण काच कुणी पाहिली?

पोस्ट लांब आहे. पण घरात तिशीच्या पुढची बाई असेल तर वाचाच. पुरुषांनी तर नक्की वाचा, कारण लॅबमधून रिपोर्ट आणायला बहुतेक वेळा आपणच गाडीला किक मारतो.

रिपोर्ट हातात आला की आपण दोनच गोष्टी बघतो. बिल किती झालं आणि 'नॉर्मल' लिहिलंय का. तो शब्द कुणी लिहिला, त्या माणसाने त्या दिवशी अशा किती काचा पाहिल्या होत्या, नमुना नीट आला होता का, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. अमेरिकेतसुद्धा १९८७ पर्यंत फारसं कुणी विचारत नव्हतं. तिथे हा प्रश्न कसा उभा राहिला आणि त्यात लिओपोल्ड कॉस नावाच्या एका पॅथॉलॉजिस्टने काय केलं, ते आज सांगतो. पुढे आपल्या बार्शी-धाराशिवचाही विषय येणार आहे.

पॅथॉलॉजिस्ट म्हटलं की आपल्याला रक्त काढणारा मुलगा आठवतो. तो टेक्निशियन. पॅथॉलॉजिस्ट हा एमबीबीएसनंतर वेगळं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि कॅन्सर आहे की नाही याचा शेवटचा शब्द त्याचा असतो. सर्जन त्याच्या रिपोर्टवर सुरी चालवतो. पेशंटने मात्र त्याचं तोंडही पाहिलेलं नसतं.

आता गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. आपल्याकडच्या बायका 'पिशवीच्या तोंडाचा' म्हणतात. हा रोग एका रात्रीत येत नाही. पेशी बिघडायला लागल्यापासून खरा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं, कधी त्याहून जास्त काळ जातो. एवढा वेळ फार थोडे कॅन्सर देतात. त्या काळात बिघडलेल्या पेशी सापडल्या तर छोट्या उपचारात काम भागतं. त्या शोधायची तपासणी म्हणजे पॅप स्मीअर. लाकडी चमच्यासारख्या पट्टीने पेशी खरवडायच्या, काचेवर पसरायच्या, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. ऐकायला सोपं आहे.

'पॅप' हे जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या आडनावाचं लघुरूप. ग्रीसमधल्या किमी गावचा, १८८३ चा जन्म. १९१३ मध्ये बायकोला घेऊन न्यूयॉर्कला आला, सुरुवातीला दुकानात गालिचे विकले. बायको आंद्रोमाखी पुढे त्याच्या प्रयोगशाळेत काम करू लागली आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या पेशींचे नमुने त्याला देत राहिली. या तपासणीच्या इतिहासातली पहिली बाई तीच म्हणायला हवी, पण नाव नवऱ्याचं झालं. असो. १९२८ मध्ये त्याने आपला शोध एका परिषदेत मांडला, कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९४१ मध्ये हर्बर्ट ट्राऊट या स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर निबंध छापला, १९४३ मध्ये पुस्तक आलं आणि मग मात्र तपासणी देशभर पसरली.

कॉस या गोष्टीत येतो तो इथे. जन्म १९२० चा, डान्झिग शहरातला, म्हणजे आजच्या पोलंडमधलं ग्दान्स्क. ज्यू कुटुंब. घरची माणसं नाझींच्या वंशसंहारात गेली. हा स्वित्झर्लंडमध्ये राहिला म्हणून वाचला, बर्न इथे डॉक्टर झाला आणि युद्धानंतर अमेरिकेत गेला. १९५२ पासून न्यूयॉर्कच्या मेमोरियल कॅन्सर रुग्णालयात आणि १९७३ पासून ब्राँक्सच्या माँटेफिओर रुग्णालयात. सगळा जन्म सूक्ष्मदर्शकासमोर.

१९५६ मध्ये त्याने आणि ग्रेस डर्फी यांनी एका विचित्र पेशीचं वर्णन केलं. मधलं केंद्रक वाकडंतिकडं आणि त्याच्याभोवती पोकळ कडं. ग्रीक शब्दावरून तिला 'कॉइलोसाइट' म्हणजे पोकळ पेशी असं नाव दिलं. ती पेशी एचपीव्ही विषाणूची खूण आहे हे कळायला आणखी वीस वर्षं लागली. ज्या विषाणूची लस आज आपण मुलींना द्या म्हणून सांगतो तो हाच. त्याच्यावरच्या शोधासाठी जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउजेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

१९६१ मध्ये कॉसने पेशी-निदानावरचा जाडजूड ग्रंथ लिहिला. पेशी तपासणाऱ्यांच्या पिढ्यानपिढ्या त्यावर शिकल्या. त्याचा आग्रह एकच होता. काचेवरच्या सुट्या पेशी पाहून जे म्हणता, ते नंतर काढलेल्या मांसाच्या तुकड्याशी, म्हणजे बायोप्सीशी ताडून पाहा. जुळलं नाही तर का जुळलं नाही ते शोधा. आज याला 'क्वालिटी कंट्रोल' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर रोजच्या रोज वहीचा मेळ घालणं.

पण हा मेळ सगळे घालत नव्हते.

एका काचेवर पन्नास हजारांपासून तीन लाखांपर्यंत पेशी असतात. बिघडलेल्या त्यात कधी मूठभरच. काच पाहणारा माणूस, त्याला सायटोटेक्नॉलॉजिस्ट म्हणतात, इंच-इंच सरकवत सगळी काच पाहतो. शंभरातल्या बहुतेक काचा साफ असतात. साफ, साफ, साफ बघत गेलं की डोळा झोपतो. तांदूळ निवडणाऱ्या बाईला विचारा, शेवटच्या सुपात खडा का राहतो ते.

१९८० च्या दशकात अमेरिकेत दरवर्षी कोट्यवधी स्मीअर होत होते. तपासणी स्वस्त, लॅबमध्ये चढाओढ. मग जे व्हायचं ते झालं. काही लॅबनी नगावर पैसे द्यायला सुरुवात केली. जितक्या काचा पाहाल तितके पैसे. काही टेक्निशियन काचा घरी नेऊन बघत. सोलापुरात आपल्या बायका हजार विड्यांमागे मजुरी घेतात, तसाच हा हिशोब. फरक इतकाच की विडी वाकडी वळली तर ती बाद होते. इथे वाकडं वळलेलं कुणाला दिसत नव्हतं. 'नॉर्मल' चा रिपोर्ट जायचा आणि बाई निर्धास्त व्हायची.

हे उघड्यावर आणलं एका पत्रकाराने. वॉल्ट बोगदानिच, वॉल स्ट्रीट जर्नल, नोव्हेंबर १९८७. लॅबच्या चुकांमुळे पॅप तपासणीत कॅन्सर निसटतोय, हे त्याने छापलं. १९८८ चं पुलित्झर त्याला याच लेखमालेसाठी मिळालं. आमच्या धंद्यात लॅबची बातमी म्हणजे उद्घाटनाचा फोटो आणि खाली जाहिरात. एका वार्ताहराने महिनोन्महिने काचा कोण पाहतो हेच शोधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गडबड झाली. डॉक्टरांचा एक गट म्हणाला, पेपरवाले उगाच घाबरवतात. कॉस तेव्हा सत्तरीकडे झुकलेला, या शास्त्राचा सर्वांत मोठा माणूस. त्याने तपासणीची बाजू घेऊन हात झटकले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्याने लेख लिहिला आणि मथळ्यातच पॅप तपासणीला विजय आणि शोकांतिका दोन्ही म्हटलं. विजय, कारण जिथे ती नेमाने झाली तिथे मृत्यू निम्म्याहूनही खाली आले. शोकांतिका, कारण नेमाने तपासून घेणाऱ्या बायकाही या कॅन्सरने मरत होत्या. डॉक्टरने नमुना नीट न घेणं, लॅबने नीट न वाचणं, वाचणाऱ्याचं काम किती अवघड आहे याची कुणालाच कदर नसणं, सगळं त्याने नाव घेऊन मांडलं. आपल्याच घरातला केर स्वतः अंगणात आणून टाकला. डॉक्टरांच्या जगात हे सोपं नसतं, इथेही नाही आणि तिथेही नाही.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १९८८ मध्ये, अमेरिकेत लॅबसाठी नवा कायदा झाला होता. त्याचे नियम १९९२ मध्ये आले. एका माणसाने दिवसात जास्तीत जास्त शंभर काचा पाहायच्या आणि त्याही आठ तासांपेक्षा कमी वेळात उरकायच्या नाहीत. म्हणजे एका काचेला जेमतेम पाच मिनिटं. हे ध्येय नाही, ही कमाल मर्यादा. 'साफ' ठरवलेल्या काचांपैकी किमान दहा टक्के दुसऱ्याने पुन्हा पाहायच्या. काचा पाच वर्षं जपून ठेवायच्या.

आणि मला सगळ्यात पटलेला नियम पुढचा. एखाद्या बाईच्या स्मीअरमध्ये आज गंभीर बिघाड किंवा कॅन्सर सापडला, तर तिच्या मागच्या पाच वर्षांतल्या 'नॉर्मल' काचा कपाटातून काढायच्या आणि पुन्हा बघायच्या. तेव्हा आपल्याकडून सुटलं होतं का? आपलीच जुनी वही आपणच तपासायची, तीही कायद्याने.

रिपोर्टची भाषाही तेव्हाच बदलली. पूर्वी 'क्लास १ ते ५' असं लिहीत आणि प्रत्येक लॅबचा 'क्लास ३' वेगळा असे. डिसेंबर १९८८ मध्ये बेथेस्डा इथे तज्ज्ञ बसले आणि सगळ्यांसाठी एकच भाषा ठरवली. नमुना वाचण्याजोगा होता की नव्हता, हे लिहायचं ठरलं तेही त्यात. आपल्याकडच्या चांगल्या लॅब आज बेथेस्डा पद्धतीनेच रिपोर्ट देतात. घरात एखादा जुना पॅप रिपोर्ट असेल तर ती नमुन्याची ओळ आहे का बघा.

कायदा होऊन सगळं सुरळीत झालं असं नाही. कायद्याआधीच्या काचांचे बळी नंतर पुढे आले. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात दोन बायका याच कॅन्सरने गेल्या. जुन्या काचा पाहिल्या तर रोग त्यात आधीच दिसत होता. १९९५ मध्ये सरकारी वकिलांनी लॅबवर थेट बेपर्वाईने मृत्यू घडवल्याचा फौजदारी खटला भरला. लॅबने आरोपांना आव्हान दिलं नाही. दंड झाला २० हजार डॉलर. दोन बायकांचे मिळून.

आता आपल्याकडे या. श्रीमंत देशांत ही तपासणी सुरू करण्यापूर्वी तिची रीतसर तुलना कधी झालीच नव्हती, म्हणजे काही गावांत तपासणी करायची, काहींत नाही आणि फरक मोजायचा. असा मोठा अभ्यास झाला तो आपल्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात. १९९९ मध्ये सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली जागतिक कर्करोग संशोधन संस्था. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका, गावागावांतल्या. चार गट. एकाची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हिनेगरसारखं आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, चौथ्याची नेहमीप्रमाणेच, म्हणजे खास तपासणी नाही.

निकाल एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एचपीव्ही गटात या कॅन्सरचे ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. पॅप आणि आम्लाच्या गटांत मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. एचपीव्ही तपासणीत विषाणू यंत्र शोधतं, त्यामुळे दिवसातली नव्वदावी काच आणि दमलेला डोळा हा मामला तिथे बराच कमी होतो. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना पहिली तपासणी एचपीव्हीचीच करा म्हणते, त्या शिफारशीमागच्या पुराव्यात आपल्या या बायका आहेत. जिल्ह्यात किती जणांना हे माहीत आहे?

त्या चौथ्या गटावरून पुढे वादही झाला. इलाज असलेल्या रोगात सुमारे ३१ हजार बायकांना तपासणीविना ठेवणं बरोबर होतं का? संशोधक म्हणाले, तेव्हा देशात तशीही कुठे तपासणी होत नव्हती. ते खरं आहे, पण त्याने माझं समाधान होत नाही. ६४ हा आकडा नुसता आकडा म्हणून वाचता येत नाही.

आणि आपल्या लॅब? डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. तरी तालुक्याच्या गावी एकच सही किती लॅबच्या रिपोर्टवर असते, हे डोळे उघडे ठेवणाऱ्याला दिसतं. वैद्यकीय आस्थापनांचा केंद्राचा २०१० चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. नर्सिंग होमचा १९४९ चा कायदा आपण चालवतो, तो लॅबसाठी केलेलाच नव्हता. एनएबीएलचं प्रमाणपत्र आहे, पण ते घेणं लॅबच्या मर्जीवर. चहाची टपरी टाकायला परवाना लागतो. दिवसाला किती काचा पाहायच्या याची मर्यादा मात्र आपल्याकडे कुणी विचारत नाही.

कॉस २०१२ मध्ये वारला, ९१ वर्षांचा होऊन. साफ ठरलेल्या काचा कॉम्प्युटरकडून पुन्हा तपासून घेता येतील का, याचे प्रयोग त्याने सत्तरीतही केले होते. एआयचा गाजावाजा सुरू होण्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी.

एक कामाची गोष्ट. बायोप्सी किंवा पॅप झाल्यावर कागदाचा रिपोर्ट मिळतो, पण काच आणि मेणात बसवलेला मांसाचा तुकडा, ज्याला 'ब्लॉक' म्हणतात, लॅबमध्येच राहतो. तो तुमच्या माणसाचा आहे. मागितला तर मिळायला हवा. टाटाला गेलेल्यांना विचारा, बाहेरच्या कागदावर ते भागवत नाहीत, स्लाइड आणि ब्लॉक मागवतात, स्वतः पुन्हा बघतात आणि मगच उपचार ठरवतात. मुंबईला जाऊन पुन्हा इकडे फेरी मारायची वेळ येण्यापेक्षा निघतानाच दोन्ही मागून घ्या. लॅबवाला कुरकुर करेल. रिपोर्टवर सही कुणाची आहे, तेही तेव्हाच बघून घ्या.