क्रिसोस्टमची प्रवचनशैली

क्रिसोस्टमची प्रवचनशैली : ख्रिस्ती धर्मोपदेशाचा नमुना म्हणून शतकानुशतके अभ्यासली गेलेली ग्रीक प्रवचनपद्धती. तिचा कर्ता सेंट जॉन (सु. ३४९–४०७) हा सिरियातील अँटिऑकचा, हे शहर आज तुर्कस्तानात आहे. ‘सुवर्णमुखी’ अशा अर्थाचे क्रिसोस्टम हे बिरुद त्याला मृत्यूनंतर मिळाले. लिबेनियस या नामांकित पंडिताकडे तो वक्तृत्व शिकला. पुढे डोंगरात राहून केलेल्या खडतर तपश्चर्येने त्याची प्रकृती कायमची खालावली. ३८६ मध्ये त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि बारा वर्षे तो अँटिऑकमध्ये प्रवचने करीत राहिला. ३९८ मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला.

बायबलमधील एकेक पुस्तक घेऊन ओळीओळीने अर्थ सांगत पुढे जाणे ही त्याची नेहमीची रीत. मत्तयाच्या शुभवर्तमानावरची ९० आणि प्रेषितांच्या कृत्यांवरची ५५ प्रवचने आज उपलब्ध आहेत. वचनात रूपके व गूढार्थ शोधण्यापेक्षा सरळ अर्थावर त्याचा भर असे. कोण बोलले, कोणाला, कोणत्या प्रसंगी, हे आधी उलगडायचे आणि उत्तरार्धात थेट श्रोत्यांच्या घरात शिरायचे : गुलामांना होणारी मारहाण, सावकारी, दागदागिने, नाटकांचे आणि घोड्यांच्या शर्यतींचे वेड. हे वळण कधीकधी इतके अचानक येते, की मूळ वचनाशी त्याचा धागा जुळत नाही. पण त्याचे बळही याच भागात आहे.

प्रवचने लघुलेखक उतरवून घेत. त्यामुळे ऐन वेळी निघालेले उद्गारही अनेक ठिकाणी शाबूत राहिले. एकदा संध्याकाळी सेवक दिवे लावू लागला, तशा सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. जॉनने विषय थांबवून श्रोत्यांना तिथल्या तिथे जागे केले : मी शास्त्राचा दिवा लावतो आहे आणि तुम्ही वातीकडे पाहता, असा त्याचा रोख होता. त्या काळी चर्चमध्येही टाळ्या पडत. टाळ्या वाजवू नका, असे त्याने बजावले, तर त्या वाक्यालाही टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून आपल्याला सुख होते, पण घरी गेल्यावर श्रोत्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही हे आठवून वाईट वाटते, हे त्याने त्याच प्रवचनात सांगून टाकले. पौरोहित्यावरील ग्रंथात त्याने प्रवचनकाराकडून दोन गोष्टी मागितल्या आहेत : स्तुतीची बेपर्वाई आणि बोलण्याचे सामर्थ्य. एक असून दुसरी नसेल, तर पहिलीही वाया जाते.

या शैलीची खरी कसोटी ३८७ मध्ये लागली. नव्या करामुळे भडकलेल्या जमावाने अँटिऑकमधील सम्राट थिओडोसिअस आणि त्याच्या कुटुंबीयांचे पुतळे पाडले. शहराला मोठ्या शिक्षेची धास्ती पडली. म्हातारा बिशप फ्लेव्हिअन क्षमायाचनेसाठी राजधानीला निघाला आणि इकडे लोकांना धीर देण्याचे काम जॉनवर आले. सात दिवस तो गप्प राहिला. शोकाला बोलण्याआधी जागा दिली पाहिजे, ही त्याची जाण विलक्षण होती. मग संपूर्ण उपवासकाळात त्याने वीसेक प्रवचने केली. त्यांत सांत्वन आहेच. पण ऊठसूट शपथा घेण्याची सवय सोडा, हा एकच आग्रह तो जवळजवळ दररोज धरतो. लोक कंटाळले, तरी त्याने विषय सोडला नाही. तुम्ही सवय सोडा, मी बोलणे सोडतो, अशी त्याची भूमिका होती. घरातल्यांनी एकमेकांना टोकावे, हा उपायही त्यानेच सुचवला. अखेर सम्राटाने शहराला क्षमा केली.

गरिबांविषयी बोलताना त्याची भाषा सर्वांत धारदार होते. चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशमी वस्त्रांनी सजवायचे आणि बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवायची, हे त्याला असह्य होते. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या दृष्टांतावर बोलताना तर, आपल्याजवळचे गरिबाला न देणे ही चोरीच, इथपर्यंत तो जातो. ३९९ मध्ये सत्ता गमावलेला मंत्री युट्रोपिअस चर्चच्या वेदीला बिलगून बसला असताना जॉनने त्याच्याकडे बोट दाखवून वैभवाच्या क्षणभंगुरतेवर प्रवचन केले आणि त्याच श्रोत्यांकडे त्याच्यासाठी दयाही मागितली. नीट ऐकू जावे म्हणून तो बिशपच्या आसनाऐवजी सभेच्या मधल्या वाचनपीठावरून बोलला होता. दरबाराला ही स्पष्टोक्ती मानवली नाही. सम्राज्ञी युडोक्झिया आणि प्रतिस्पर्धी बिशप यांच्या विरोधामुळे त्याला दोनदा हद्दपार व्हावे लागले. ४०७ मध्ये सक्तीच्या पायी प्रवासात कोमाना येथे त्याचा अंत झाला.

या वाणीला एक गंभीर डागही आहे आणि तो झाकता येत नाही. ज्यूंचे सण पाळणाऱ्या ख्रिस्ती लोकांना परावृत्त करण्यासाठी ३८६–८७ मध्ये त्याने आठ प्रवचने केली. लिबेनियसच्या परंपरेतील निंदाप्रधान वक्तृत्वाची सारी हत्यारे त्याने त्यांत ज्यूंवर चालवली. श्रोत्यांच्या बारीकसारीक सवयी ओळखणारी तीच नजर शेजारच्या समाजाला मात्र माणूस म्हणून पाहू शकली नाही. पुढच्या शतकांत युरोपातील ज्यूद्वेष्ट्यांनी या प्रवचनांचा वारंवार आधार घेतला.